किराणा बिलातून घरचा आहार कसा तपासावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली चार वर्षं आमच्या घरात येणारी खाण्याची प्रत्येक वस्तू मी वजनासकट लिहून ठेवते. सुरुवात झाली नवऱ्याच्या रक्तदाबापासून. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. घरी येऊन बोलायला बसलो, तर महिन्याला आपल्याला मीठ लागतं किती, हेच कुणाला सांगता येईना. संपलं की पुडा आणायचा, एवढंच ठाऊक. तेलाचं तेच, साखरेचं तेच. मग ड्रॉवरमधली तीन महिन्यांची बिलं काढली आणि बेरीज करायला घेतली.

पुढे आमच्या सोसायटीतल्या आणि मग पुण्यातल्या सहकारनगर, बिबवेवाडी भागातल्या ओळखीच्या बऱ्याच घरांनी हे करून पाहिलं. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी आहारतज्ज्ञ नाही. प्रमाणाचे आकडे ज्या संस्थांचे आहेत, त्यांची नावं त्या त्या ठिकाणी दिली आहेत.

बिलावरून आहार कसा कळणार?

कुठल्याही घरी विचारा, तेल किती खाता? उत्तर येतं, "बेताचंच." हे उत्तर खोटं नसतं. रोज फोडणीला चमच्यानं घातलेलं तेल बेताचंच वाटतं. महिन्याअखेरीला किती पिशव्या रिकाम्या झाल्या हे मात्र कुणी मोजत नाही. बिल ते मोजतं. घरात जे येतं त्यातलं थोडं वाया जातं, थोडं पाहुण्यांना जातं, उरलेलं सगळं आपल्याच पोटात जातं.

घरखर्चाच्या नोंदींवरून माणसांचं जगणं समजून घेणं पुण्याला नवीन नाही. १९३०मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनं अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या काळात पुणे शहरातल्या कुटुंबांची घरोघरी जाऊन पाहणी केली होती. देशपातळीवर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण १९५०पासून हेच करत आलं आहे. २०२२-२३च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत शहरी घरांच्या एकूण खर्चातला साधारण ३९ टक्के वाटा खाण्यापिण्याचा निघाला, आणि त्यात सर्वांत मोठा हिस्सा पेयं आणि तयार, प्रक्रिया केलेल्या पदार्थांचा होता. धान्याचा नाही, दुधाचा नाही, भाजीचाही नाही. आपल्या घरात तसंच आहे का, हे आपलं आपल्यालाच पाहता येतं.

हिशेब रुपयांत ठेवू की किलोत?

किलोत. रुपये लिहायला हरकत नाही, पण आहार पाहताना ते फसवतात. २०२३च्या जुलै-ऑगस्टमध्ये टोमॅटो शंभरीपार गेला होता. त्या महिन्यात भाजीचा खर्च वाढलेला दिसतो आणि ताटातली भाजी मात्र कमी झालेली असते. उलट मीठ इतकं स्वस्त असतं की रुपयांच्या यादीत ते तळाशी जातं, आणि तब्येतीच्या दृष्टीनं त्याची जागा बरीच वर असते.

नेमकं काय लिहायचं? एखादं ॲप लागतं का?

पाच रकाने पुरतात: तारीख, वस्तू, वजन, गट, रुपये. वही चालते, मोबाइलवरची एक्सेल शीट चालते. मी वहीत सुरुवात केली आणि सहा महिन्यांनी शीटवर गेले, कारण बेरजा आपोआप होतात. गट मोजकेच ठेवा: धान्य आणि पीठ, डाळी-कडधान्यं (अंडी-मासे-मटण यांतच), भाजी, फळं, दूध-दही, तेल-तूप, शेंगदाणे-तीळ-सुकामेवा, साखर-गूळ, मीठ, आणि तयार पाकीटबंद. वीस-पंचवीस गट करणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. दुसऱ्या महिन्यात त्यांची वही बंद पडते.

"बिस्किट १ नग" असं लिहू नका. पाकिटावरचं निव्वळ वजन लिहा. पाकीट तेवढंच दिसतं आणि आतलं वजन कमी झालेलं असतं, असं बऱ्याचदा घडतं.

बिलं जमवायची कशी? निम्मी खरेदी तर बिलाशिवायच होते.

मॉलमधलं बिल थर्मल कागदावर असतं, उजेडात आणि उष्णतेनं ते उडून जातं. म्हणून घरी आल्या आल्या फोटो काढा. ब्लिंकिट, झेप्टो, बिगबास्केट यांच्या जुन्या ऑर्डरी ॲपमध्ये वस्तूनिशी सापडतात. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आपण यादी पाठवतो, ती व्हॉट्सॲपवर असतेच. यूपीआयची नोंद मात्र फार कामाची नाही. पैसे किती गेले हे कळतं, काय आणलं ते कळत नाही.

खरी अडचण भाजी, फळं, दूध आणि सुट्ट्या खाऊची आहे. महात्मा फुले मंडईत, मार्केट यार्डात, आठवडे बाजारात किंवा दारावरच्या हातगाडीवर बिल मिळत नाही. नुसतं बिलांवर विसंबलात तर घर भाजी खातच नाही असं चित्र निघेल. यावर मला एकच उपाय लागू पडलेला दिसतो. स्वयंपाकघरात एक वजनकाटा ठेवायचा, पिशवी ओट्यावर आली की एकदा काट्यावर ठेवायची आणि एकच आकडा लिहायचा: "भाजी ३.४ किलो". कांदे-बटाटे वेगळे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

बिलावरची नावं तुटक असतात. कोणती ओळ कशाची, ते कळत नाही.

मोठ्या दुकानांच्या बिलावर वस्तूशेजारी बहुधा एचएसएन कोड, म्हणजे मालाच्या प्रकाराचा ठरलेला आकडा, छापलेला असतो. तो जीएसटीसाठी असतो, पण आपल्यालाही उपयोगी पडतो. १००६ म्हणजे तांदूळ, ०७१३ म्हणजे डाळी-कडधान्यं, १७०१ साखर, १५०७ सोयाबीन तेल, १५०८ शेंगदाणा तेल, १५१२ सूर्यफूल किंवा करडई तेल, १९०५ म्हणजे बिस्किटं-पाव-केक, १९०२ शेवया-नूडल्स. शीटमध्ये या कोडवरून गट पाडता येतात. २१०६वर लक्ष ठेवा. पुष्कळसं फरसाण आणि तयार मिश्रणं त्यात येतात.

घरात लहानथोर सगळे आहेत. दरमाणशी प्रमाण कसं काढायचं?

यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जुनी पद्धत आहे. बैठं काम करणारा प्रौढ पुरुष म्हणजे १ एकक. बैठं काम करणारी स्त्री ०.८. बारा वर्षांवरचा मुलगा किंवा मुलगी १. नऊ ते बारा वयाला ०.८, सात ते नऊ ०.७, पाच ते सात ०.६, तीन ते पाच ०.५ आणि एक ते तीन ०.४. अंगमेहनतीचं काम असेल तर एकक वाढतं: पुरुषाला १.६पर्यंत, स्त्रीला १.२पर्यंत.

नोकरी करणारं जोडपं, आजी, चौदा वर्षांची मुलगी आणि आठ वर्षांचा मुलगा असं घर धरू. १ + ०.८ + ०.८ + १ + ०.७, म्हणजे ४.३ एककं. पुढची सगळी उदाहरणं मी याच घराची देते आहे.

पाहुणे आठवडाभर राहिले तर त्यांची एककं तेवढ्या दिवसांपुरती मिळवा. कोणी गावाला गेलं तर वजा करा. एका जेवणाचे पाहुणे सोडून द्या.

मग किती असायला हवं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यातल्या सुमारे २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी-अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, दूध-दही ३०० मिलि, दाणे आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम असा हिशेब आहे.

आपल्या ४.३ एककांच्या घराला हे लावलं तर महिन्याला साधारण ३२ किलो धान्य, ११ किलो डाळी-कडधान्यं, साडेचार किलो दाणे-तीळ आणि साडेतीन किलो तेल-तूप निघतं. आठवड्याला १२ किलो भाजी आणि ३ किलो फळं. दूध दिवसाला सव्वा लिटरच्या थोडं वर.

हे आकडे पाहून जवळजवळ प्रत्येक घर दचकतं, आम्हीही दचकलो होतो. धान्याचा आकडा बहुतेकांना जमतो. डाळ आणि भाजी निम्म्यावर असते, तेल पुढे गेलेलं असतं. एका महिन्यात हे गाठायला जाऊ नका. कुठल्या दिशेला सरकायचं ते कळलं, एवढं सध्या पुरे.

सुरुवात कशापासून करावी?

तेलापासून. तेल बिलात स्पष्ट दिसतं, त्याचं माप चुकत नाही आणि फरक लवकर कळतो.

सगळ्यांत सोपी युक्ती अशी: तेलाचा डबा उघडला की त्यावर मार्करनं तारीख लिहा. बाकी काहीही लिहिलं नाहीत तरी चालेल. एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे पाच लिटरच्या डब्यात ४५५० ग्रॅम. दर एककाला २७ ग्रॅम धरलं तर आपल्या घराला दिवसाला ११६ ग्रॅम लागायला हवं, म्हणजे डबा ३९ दिवस पुरायला हवा. तूप आणि लोणी त्याच २७ ग्रॅमांत बसवायचं असल्यामुळे खरं तर आणखी जास्त दिवस. आमचा पहिला डबा २६ दिवसांत संपला होता.

तेल जातं कुठे, ते शोधायला मला दोन डबे लागले. भाजीची फोडणी हे मोठं कारण नव्हतंच. आठवड्यातून दोनदा काही ना काही तळलं जायचं, आणि तळणीतलं उरलेलं तेल "वाया कशाला घालवायचं" म्हणून भाज्यांत सढळ हातानं संपवलं जायचं. तळण पंधरवड्यातून एकदा आणि लहान कढईत, एवढाच बदल केला. भजी बंद झाली नाहीत. पोळीला तेल लावणं बंद झालं नाही. डबा ३५ दिवसांवर गेला.

पाच लिटरऐवजी एकेक लिटरच्या पिशव्या आणाव्यात का, असंही विचारतात. काही घरांत पिशवी संपताना हात आपोआप आखडतो, हे खरं आहे. मला डबा बरा वाटतो, कारण तारीख लिहायची एकच जागा राहते. हल्ली काही पिशव्या लिटरपेक्षा कमी भरतात; पिशवीवरचे ग्रॅम बघूनच लिहा.

आमच्याकडे रोज वरण असतं. डाळ कमी कशी निघते?

कारण वरण पातळ असतं. घरात रोज दीडशे ग्रॅम तूरडाळ शिजत असेल तर ४.३ एककांत ती दरमाणशी ३५ ग्रॅम होते. ताटात वरणभात रोज दिसतो म्हणून आपल्याला डाळ पुरेशी वाटते. प्रथिनांच्या दृष्टीनं ३५ ग्रॅम तूरडाळ म्हणजे जेमतेम ८ ग्रॅम. शंभर ग्रॅम तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम प्रथिनं असतात. प्रौढ माणसाची दिवसाची गरज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. पोळी-भाकरीतून बरीचशी भरून निघते, हे आपल्या जेवणाचं बळ आहे. गव्हा-ज्वारीत शंभरामागे दहाच्या आसपास प्रथिनं असतात. तरीही खड्डा राहतो, आणि वाढत्या मुलांच्या बाबतीत तो खुपतो.

इथे मराठी स्वयंपाकघराइतकं हाताशी असलेलं उत्तर क्वचितच कुणाकडे असेल. मटकी, मूग, चवळी, वाल, हरभरा यांची मोड आलेली उसळ आठवड्यातून चारदा केली की महिन्याचा आकडा दोन-अडीच किलोनं वर जातो. पिठलं, झुणका, मुगाची धिरडी, थालीपिठाची भाजणी हे सगळं डाळीतच धरायचं. एक ओळखीच्या बाई भुसारातून महिन्याच्या सुरुवातीलाच चार कडधान्यं एकेक किलो आणतात आणि पारदर्शक बरण्यांत ओट्यावर ठेवतात. डोळ्यांसमोर असली की रात्री भिजत घालायची आठवण राहते. यादीतच कडधान्य नसेल तर उसळ होणार कुठून?

दाण्याचं कूटही मोजा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत जवळजवळ २४ ग्रॅम प्रथिनं असतात. भाजीत, कोशिंबिरीत कूट घालणारं घर दाण्यांच्या रकान्यात बऱ्यापैकी पास होतं.

मिठाचं काय?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. महिन्याला दीडशे ग्रॅम. पाच माणसांना पाऊण किलो, तोही वरचा कमाल आकडा, कारण मुलांना आणखी कमी पुरतं. आमच्याकडे तीन महिन्यांत किलोचे तीन पुडे संपले होते, म्हणजे माणशी सुमारे पावणेसात ग्रॅम. त्याखेरीज लोणचं, पापड, फरसाण, पाव, सॉस यांतलं मीठ वेगळंच.

उन्हाळ्यात पापड, सांडगे, कुरडया आणि कैरीचं लोणचं घालणाऱ्या घरांनी त्यासाठीचं मीठ वेगळं लिहावं, नाहीतर मे महिना भयंकर दिसतो. ते मीठ वर्षभर पोटात जातच असतं, तेव्हा बारा महिन्यांत वाटून धरा.

आणि साखर?

जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. ५ टक्के म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅम. ४.३ एककांना महिन्याला सव्वातीन किलो. गूळ, मध, सरबताच्या बाटल्या, श्रीखंडाचे डबे, बिस्किटं यांतली साखर त्यातच मोजायची. गुळाला सूट नाही. आमच्या घरी सगळ्यांत जास्त साखर चहात जात होती, आणि ती अर्ध्या चमच्यानं कमी केलेली तिसऱ्या आठवड्यात कुणाला जाणवेनाशी झाली.

पालेभाजीची जुडी कशी मोजायची?

जुडी हे माप ऋतूप्रमाणे बदलतं. थंडीतली मेथीची जुडी आणि मे महिन्यातली जुडी यांत मोठाच फरक असतो. म्हणून एकदा निवडून वजन करून पाहा, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. पुरंदरचा मटार आला की शेंगांचं वजन लिहून खूश होऊ नका, निम्म्याच्या आसपास सालंच निघतात. बटाटा भाजीत धरू नका. फळं-भाज्या मिळून रोज किमान ४०० ग्रॅम असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, त्यातूनही बटाटा-रताळं वगळलेलंच आहे.

भाजीसाठी आणखी एक छोटा रकाना ठेवा: "टाकली". शुक्रवारी फ्रीजमधून सडलेली कोथिंबीर आणि मऊ पडलेली काकडी निघते, ती बिलात खाल्लेली म्हणूनच जमा झालेली असते. बऱ्याच घरांना या रकान्यामुळेच कळलं की भाजी कमी आणायला नको, दोन खेपांत आणायला हवी.

आम्ही वर्षाचा गहू एकदम भरतो. मग?

खरेदीच्या तारखेला काही अर्थ राहत नाही. गिरणीत दळण देता ती तारीख आणि वजन लिहा. ज्वारी-बाजरीचंही तसंच. यातून एक छान गोष्ट दिसते: वर्षभरात भाकरीची दळणं किती आणि पोळीची किती. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं आणि ज्वारीचं कौतुक पुष्कळ झालं. घरातल्या दळणांत मात्र पाचातलं एकसुद्धा ज्वारीचं नाही, असं कित्येक वह्यांत निघालं.

घरी साय विरजून तूप करतो, ते कुठे लिहायचं?

दूध लिहिलंत की तूप त्यातच आलं. पुन्हा तेला-तुपात लिहिलं तर दुहेरी मोजणी होते. पण तेलाच्या डब्याकडे पाहताना घरचं तूप किती निघालं ते आठवणीत असू द्या. विकतचं तूप मात्र तेला-तुपातच.

पाकीटबंद पदार्थांवर काय वाचायचं?

तीन गोष्टी. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं असते, म्हणून पहिले तीन घटक वाचा. दुसरं, शंभर ग्रॅममागे वरून घातलेली साखर. तिसरं सोडियम: त्याला अडीचनं गुणलं की मीठ मिळतं. फरसाणाच्या पाकिटावर शंभर ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर त्यात २ ग्रॅम मीठ आहे, दिवसाच्या मर्यादेतलं चाळीस टक्के. सुट्ट्या फरसाणावर असं काही छापलेलं नसतं. तिथे निदान वजन तरी लिहा.

श्रावण, गणपती, दिवाळी यांत सगळा हिशेब बिघडतो.

बिघडू दे. ते महिने वेगळ्या रंगात लिहा आणि सरासरीत धरू नका. दिवाळीचा फराळ हा मोजून मापून खायचा पदार्थ नाही, आणि शेजाऱ्यांच्या डब्यांतून किती गेला, किती आला, त्याचा हिशेब कोण ठेवणार?

उपवासाकडे मात्र लक्ष द्या, कारण तो महिन्याचा नाही, आठवड्याचा आहे. सोमवार किंवा गुरुवार, शिवाय एकादशी आणि चतुर्थी धरली तर साबुदाणा दोन-तीन किलोंपर्यंत जातो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, प्रथिनं नावालाच. खिचडीतलं दाण्याचं कूट हीच तिची जमेची बाजू. राजगिरा, वरईचे तांदूळ आणि ताक उपवासाला चालतं, तेव्हा एक आड एक उपवासाला तरी ते करा.

बाहेरचं खाणं बिलात येत नाही.

येत नाही, आणि हे या पद्धतीचं मोठं भोक आहे. ऑफिसचं कॅन्टीन, शाळेबाहेरचा वडापाव, रविवारची मिसळ, रात्री मागवलेली बिर्याणी. यांचं वजन काढत बसू नका. दरमाणशी बाहेरची जेवणं आणि बाहेरचे नाश्ते नुसते मोजा. किराणा झपाट्यानं कमी झाला आणि बाहेरची जेवणं दुप्पट झाली, तर ती सुधारणा नव्हे.

रेशनचं धान्य धरायचं का?

हो. प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो मिळतं, म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. धान्याच्या गरजेचा मोठा भाग त्यातच भागतो. अशा घरांत मोजायचं असतं ते धान्याशेजारी डाळ आणि भाजी किती येते हे.

घरात कोण किती खातं, ते यातून कळतं का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण बेरीज उत्तम असूनही घरातली एक बाई उपाशीपोटी असू शकते. सगळ्यांना वाढून झाल्यावर शेवटी बसणारी आई पातेल्यातलं उरलेलं खाते. उसळ संपलेली असते, भात उरलेला असतो. वहीत मात्र त्या दिवसाची उसळ भरपूर दिसते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यात आपल्या ओळखीच्या, भरल्या घरांतल्या बायकाही आहेत.

म्हणून महिन्यातून कुठलेही दोन दिवस निवडा आणि घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या ताटात काय पडलं ते लिहा. एका घरात हे केल्यावर सुनेनं नुसतं पान दाखवलं, कुणाला काही बोलावं लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तिथे सगळे एकत्र जेवायला बसतात.

दुकानं आपली खरेदी बघतात. हे सुरक्षित आहे का?

मोबाइल नंबर दिला की तुमच्या खरेदीचा इतिहास दुकानाकडे जमतो. लंडनमधल्या टेस्को दुकानांच्या २०१५च्या खरेदीवर संशोधकांनी काम केलं: १६ लाख क्लबकार्डधारक (दुकानाचं ग्राहककार्ड वापरणारे), ४२ कोटी वस्तू. नावं काढून, भागवार बेरजा करून २०२०मध्ये ती माहिती खुली केली गेली. अशा खरेदीचा त्या त्या भागातल्या मधुमेहाच्या प्रमाणाशी मेळ दिसतो. चांगल्या कामासाठी हे होतं. पण तुमची यादी तुमच्या तब्येतीबद्दल किती बोलते, हेही त्यातून कळतं.

बिल देण्यासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबराचा आग्रह धरू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्यानं २०२३मध्ये दुकानदारांना केली आहे. तुम्ही नम्रपणे नाही म्हणू शकता. घरची शीट घरापुरती ठेवा, आणि बिलांचे फोटो कुठल्याही फुकट ॲपला देण्याआधी ते त्यांचं काय करतात ते वाचा.

सासूबाईंना वाटतं मी हात आखडता घेते आहे.

हे बऱ्याच घरांत घडतं, आणि त्यांचं दुखणं समजून घ्यायला हवं. ज्या पिढीनं टंचाई पाहिली, तिला भरपूर तेल-तूप घालणं म्हणजे माया करणं वाटतं. वजनकाटा ओट्यावर आला की त्यांच्या हातावरच कुणी शंका घेतल्यासारखं होतं. आमच्याकडे मी पहिला महिना काहीही बदललं नाही, नुसतं लिहिलं. आणि वाढायच्या गोष्टी आधी वाढवल्या. उसळी वाढल्या, फळं वाढली, अंबाडी, चाकवत, करडई अशा त्यांच्या माहेरच्या पालेभाज्या पुन्हा ताटात आल्या. त्या कशा करायच्या ते मला येत नव्हतं, त्यांनीच शिकवलं. तेलाचा विषय चौथ्या महिन्यात निघाला तेव्हा डब्यावरच्या तारखा त्यांनी स्वतःच वाचल्या होत्या.

घरात मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे. हेच आकडे लावू का?

नको. वही घेऊन डॉक्टरांकडे किंवा आहारतज्ज्ञांकडे जा. तीन महिन्यांची खरी नोंद त्यांच्या फार कामी येते. मनानं "लो सोडियम" मीठ सुरू करू नका. त्यात पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला, तसंच रक्तदाबाची काही औषधं घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं.

हे किती दिवस करायचं?

पहिला महिना काहीही न बदलता. लिहितोय म्हणून आपण आपोआप चांगलं वागायला लागतो, त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांवर फार भरवसा ठेवू नका. मग तीन महिने एकेक बदल करत. त्यानंतर तीन महिन्यांतून एखादा महिना लिहिलं तरी पुरतं. आम्ही हल्ली ऑक्टोबर सोडून जानेवारी, एप्रिल आणि जुलै लिहितो, आणि तेलाच्या डब्यावरची तारीख बारमाही.

घरात वाढत्या वयाची मुलगी किंवा मुलगा असेल आणि वही पाहून ते स्वतःचे घास मोजायला लागले, जेवण टाळायला लागले, तर वही लगेच बंद करा आणि डॉक्टरांशी बोला. ही नोंद घराच्या यादीची आहे. मुलांच्या ताटाजवळ ती नेऊ नका, आणि त्यांच्यासमोर कॅलरी हा शब्दसुद्धा काढू नका.